काळ्या गाडीची उजवी बाजू

८ फेब्रुवारी १९८७, रविवार

सकाळी दहाला ह्यांची गाड्या पॉलिश करायची शेड उघडली. ह्यांना जाऊन आज एकवीस दिवस. जलदान विधीला आलेले पाहुणे परवा गेले, म्हणून आज वेळ मिळाला.

आत सहकारी संघाची काळी अँबॅसिडर तशीच उभी. वर धोतराचं पांघरूण. काढून बघितलं. डावी बाजू आरशासारखी, उजवी बाजू शाळेतल्या जुन्या पाटीसारखी. बॉनेटवर मधोमध सरळ रेघ. तिथं ह्यांचा हात थांबला. त्या दुपारी जेवायला म्हणून घरी आले, छातीत कळ आली म्हणाले, आणि कळंबच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच...

फडताळात डबे, बाटल्या, फडकी. सगळं जागच्या जागी. मी काही हलवलं नाही. ही शेड घालून अकरा वर्षं झाली, मी आत पाच-सहा वेळा आले असेन. हमरस्त्यावरची पुरुषांची जागा, आणि मी शाळेतली बाई.

पांघरूण परत घातलं. घरी आले. आत्यांनी आपल्या लेकाच्या शेडचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

९ फेब्रु., सोम.

संघाचे ड्रायव्हर बब्रुवान शाळेच्या फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "वैनी, गाडीचं काय करायचं इचारत्यात साहेब. एका अंगाला हळद लावलेली नवरी दिसती. अशी कळंबात फिरिवली तर लोकं हासतील."

साहेब म्हणजे संघाचे चेअरमन. त्यांचं म्हणणं असं की गाडी शेजारच्या इसाकभाईंकडं द्यावी, सगळा रंग खरडून नवा मारावा. म्हणजे ह्यांनी केलेली बाजूही खरडली जाणार. शेवटचं काम ते.

मी म्हणाले, "राहिलेली बाजू मी करते."

"तुमी? शाळा सोडून?"

"शाळा करून."

बब्रुवान हसले नाहीत. चप्पल जमिनीवर घासत उभे राहिले. मग म्हणाले, साहेबांना पाडव्यापर्यंत थांबवतो. दोन्ही अंगं सारखी दिसली तर रंग नाही. नाही दिसली तर इसाकभाई.

बोलून बसले खरी. पॉलिश कसं मारतात ते मला माहीत नाही.

११ फेब्रु., बुध.

इसाकभाईंकडं गेले. त्यांचं ठोकाठोकीचं आणि रंगाचं काम, ह्यांचं पॉलिशचं. मधे एक पत्र्याची भिंत. दहा वर्षं दोघं त्या भिंतीआडून भांडत असत, चहा मात्र एकाच किटलीतून.

म्हणाले, "देखो भाभी, पालिश म्हंजे रंग चढवायचा नै. उतरवायचा."

मला कळेना. त्यांनी आमच्या शेडमध्ये येऊन रबिंगचा डबा उघडला. मातकट लेप. उजव्या मडगार्डवर तळहाताएवढ्या जागी ओल्या फडक्यानं गोल गोल घासलं. फडकं काळं झालं. ते काळं म्हणजे गाडीचा रंगच. वरचा उन्हानं मेलेला थर निघतो, खालचा ताजा वर येतो. चमक बाहेरून येत नाही, आत असते ती उघडी पडते. मी अकरा वर्षं समजत होते की हे काहीतरी फासतात.

"धारेवर दाबायचं नै. धारेला रंग पातळ ऱ्हातो. लाल अस्तर दिसलं की खेल खतम."

दरवाजांच्या कडांना कागद चिकटवून दिला. जाताना म्हणाले, "वसंत मला हात लावू देत नव्हता. आज तो असता तर तुमाला बी दिला नसता." खरं आहे.

१३ फेब्रु., शुक्र.

धुण्याचा प्रश्न. टँकर आठवड्यातून दोनदा, माणशी दोन घागरी. हातपंपाला मचूळ पाणी येतं, पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. ह्यांची रीत बब्रुवानांना माहीत होती. एक तांब्या पाणी, चार फडकी. फडकं ओलं करून पत्र्यावर नुसतं पसरायचं, थोडं थांबायचं, मग उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की धुळीचे ओरखडे पडतात. इथली धूळ चुनखडीची, काचेसारखी.

मी भांडी विसळलेलं पाणी गाळून नेलं. तरी रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी बोललीच. "माणसाला प्यायला न्हाय अन् गाडीला आंघूळ!" तांब्या दाखवला. तोंड फिरवून गेली.

१५ फेब्रु., रवि.

बाटल्या बघितल्या. दोन आहेत, कुवेतहून. ह्यांचा वाशीचा मित्र तिकडं कामाला गेला होता, त्यानं आणलेल्या. एकीवर ग्लेझ, एकीवर सीलर. दोन्ही तळाला गेलेल्या.

या बाटल्या मला ओळखीच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी त्या माझ्यापुढं आणून ठेवल्या होत्या. मी सहामाहीचे पेपर तपासत होते.

"काय लिव्हलंय बघ बरं."

मी वरवर बघितलं आणि सांगितलं, लावा, वाळू द्या, पुसा.

"एवढंच? अक्षरं तर लई दिसत्यात."

मी म्हटलं, बाकी जाहिरात आहे.

आज सगळं वाचलं. इंग्रजी शब्दकोश घेऊन दीड तास लागला. जाहिरात नव्हती. ग्लेझ हे नुसतं झाकतं, ओरखड्यांत भरून बसतं, टिकत नाही. म्हणून त्यावर सीलर लावायचं, ते ऊन-पाऊस अडवतं. सीलर स्वच्छ रंगावर किंवा त्याच कंपनीच्या ग्लेझवरच धरतं. मेणाच्या पॉलिशवर धरत नाही, सोलून निघतं. पातळ लावावं. पहिला थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा लावू नये.

बाहेरच्या भिंतीला एका जुन्या जीपचा दरवाजा टांगलेला आहे, दक्षिणेकडं तोंड करून. भंगार समजत होते. जवळ जाऊन बघितलं. खिळ्यानं आखून सहा चौकोन केलेत. खाली पांढऱ्या रंगात ह्यांचं अक्षर. मेण. ग्लेझ. ग्लेझ आणि सीलर. मेण, वर सीलर. नुसतं सीलर. सहाव्याखाली काही नाही.

चौथा चौकोन सापाच्या कातीसारखा सोललेला.

म्हणजे लेबलवरची ती ओळ ह्यांनी दोन वर्षं दरवाजा उन्हात टांगून शोधून काढली. मी दोन मिनिटांत वाचून दाखवली असती.

१६ फेब्रु., सोम.

शाळा. काही नाही.

१८ फेब्रु., बुध.

पुन्हा तो दरवाजा. चमच्यानं प्रत्येक चौकोनावर पाणी सोडलं. पहिल्यावर पसरलं. दुसऱ्यावर पसरलं. तिसऱ्यावर थोडं थांबून ओघळलं. चौथ्यावर कुठं थांबलं, कुठं पसरलं. पाचव्यावर अर्धवट. सहाव्यावर अळूच्या पानावर राहतं तसं गोळी होऊन थांबलं, मग घरंगळून खाली पडलं. मागं ओल नाही.

दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे, तेही नावाचेच, खाऊन हा एकच चौकोन जिवंत आहे. आणि त्याचंच नाव लिहिलेलं नाही.

रंग किंचित पिवळसर. नखानं टोकरलं, निघत नाही. वास नाही.

काय असेल?

२२ फेब्रु., रवि.

दिवसभर रबिंग. उजवं मागचं दार झालं. खांदा भरून आला. काम एकसुरी, पण कंटाळा आला नाही. एका हाताएवढी जागा घ्यायची, ती पुरी करायची, मग पुढची. मुलांना पाढे शिकवताना मीही असंच करते.

दुपारी जीपच्या दरवाजाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ग्लेझ लावून बघितलं. ओरखडे क्षणात गेले. रॉकेलचं फडकं फिरवलं, सगळे परत. मग रबिंगनं घासले आणि रॉकेल फिरवलं, आले नाहीत. चार वेळा करून बघितलं. झाकलेलं आणि काढलेलं उन्हातसुद्धा एकसारखं दिसतं. रॉकेल लावल्याशिवाय कळत नाही.

ह्यांना हे किती वेळा बघावंसं वाटलं असेल. घरी कधी बोलले नाहीत. मी तरी कुठं शाळेतलं बोलत होते.

२६ फेब्रु., गुरु.

सहाव्या चौकोनाची चौकशी.

इसाकभाई: "वार्निश असेल. पण वार्निश एवढं टिकत नै. मी विचारलं होतं त्याला. म्हटला, तुमचा धंदा बसंल."

बब्रुवान: "डिझेल. आमी समदे ड्रायवर डिझेलच पुसतो, लई चमकती."

इसाकभाई: "आणि संध्याकाळपर्यंत गाडीवर शेतजमीन तयार. पेरणी करायचीच बाकी."

दोघं बराच वेळ हसले. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१ मार्च, रवि.

आजचं नीट लिहून ठेवते.

आत्या जेवण घेऊन शेडवर आल्या. ह्यांच्या मागं पहिल्यांदाच. गाडीकडं बघितलं नाही, भाकरीचं फडकं सोडून सावलीला बसल्या. मी दरवाजाशी चमचा घेऊन उभी होते. त्यांनी विचारलं, पाण्याची नासाडी कशाला करतीस. मी चौकोन दाखवला.

त्या उठल्या. अंगठा चौकोनावर जोरात घासला, गरम होईपर्यंत. नाकाशी नेला.

"रोगण हाय की हे. करडीचं."

मला शब्दच माहीत नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, त्यांचे वडील पाटलाच्या विहिरीवर मोट हाकायचे. मोटेचं कातडं उन्हानं तडकू नये म्हणून करडीचं तेल आटवून आटवून त्याला लावायचे. ते वाळून कातड्याची दुसरी कातडी व्हायची. विहिरी कोरड्या पडल्या, इंजिनं आली, मोटा गेल्या.

"वसंता आला हुता माज्याकडं, दोन-अडीच वर्सांमागं, दिवाळीच्या आधी. म्हनला, आये, आज्जा मोटंला काय लावायचा? मीच आटवून दिलं. घर धुरानं भरलं. तू शाळंत हुतीस."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कुठं इचारलंस?"

मग भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली. म्हणाल्या, "त्यानं बी मला न्हाय सांगितलं, त्या तेलाचं म्होरं काय केलं त्ये. आज बघितलं."

४ मार्च, बुध.

सकाळची शाळा सुरू झाली. दुपारपासून मोकळी.

एक प्रश्न डोक्यात बसलाय. गाडीच्या डाव्या बाजूला ह्यांनी काय लावलं? बाटलीतलं की रोगण? चमच्यानं पाणी टाकलं, थांबतं. पण ताज्या कामावर दोन्ही थांबतील. अंगठा घासून वास घेतला. मला मेणाचाच आला. आत्यांना म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, "माज्या पोरानं पुसलेलं म्या घासनार न्हाय."

सीलर उरलेलं आहे ते फार तर एका दाराला पुरेल. म्हणजे मला रोगणच करावं लागणार.

६ मार्च, शुक्र.

रोगण आटवलं. शेडच्या मागं तीन दगड, जुनी लोखंडी कढई. तेल नव्या करडीचं, घाण्यावरून आणलं. दुपारी एकपासून पाचपर्यंत. आत्या फळकुटावर बसून हुकूम करत होत्या. "जाळ कमी कर. आता हलीव. तोंड मागं घे, पेटंल." धूर डोळ्यांत जातो, वास घशात बसतो. आधी फेस आला, मग तो मोडला, मग तेल गडद झालं. काडीनं थेंब काढून दोन बोटांत धरायचा, बोटं अलग केली की मधासारखी तार यायला हवी. पाच वाजता तार आली.

"त्याची अजून लांब आली हुती," आत्या म्हणाल्या.

मला माहीत नाही, खरंच लांब आली होती की कसं.

टर्पेंटाइन घालून पातळ केलं. फडताळातल्या टर्पेंटाइनच्या बाटलीच्या तोंडाशी पिवळी कड होती, म्हणून ह्यांनीही हेच केलं असावं असा अंदाज केला.

८ मार्च, रवि.

उजव्या पुढच्या दाराला रोगण लावलं. रबिंग झालेलं होतं, मेणाचं पॉलिशही काल मारलं होतं. वरून रोगणाचा पातळ हात. विचार असा की शेवटचा थर सगळ्यात टिकाऊ असावा. उन्हाकडं तोंड करून गाडी पुढं ढकलली. बब्रुवान आणि इसाकभाई हात लावायला आले.

दिसायला फार सुंदर. काजळासारखं काळं.

१० मार्च, मंगळ.

वाळलं नाही. बोट चिकटतं. उद्या वाळेल.

१२ मार्च, गुरु.

वाळलं नाही. रस्त्यापलीकडं ज्वारीची खळी चालू आहेत, वाऱ्यानं भुसकट आलं, सगळं दाराला. माश्या, दोन मुंगळे. दार गुळाच्या ढेपेसारखं झालंय.

बब्रुवान आले, दाराभोवती एक फेरी मारली.

"वैनी, गाडी तळून काढली का काय?"

मी काडीनं एक मुंगळा सोडवला. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, साहेबांना सांगत नाही. पण साहेबांनी इसाकभाईंना रंगाची यादी द्यायला सांगितलंय. पाडव्याला अठरा दिवस.

१३ मार्च, शुक्र.

सकाळी शाळेत, तिसरीचा वर्ग, फळ्यावर लिहिताना लक्षात आलं. लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं, मेणावर धरत नाही. मी वाचलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण ते सीलरबद्दल छापलेलं होतं. आपल्या करडीच्या तेलाबद्दल कुणी कुठं छापलेलं नाही, म्हणून त्याला तो नियम असेल असं मनात आलं नाही. मेणावर ते नुसतं तरंगत राहिलं. धरायला खाली काही नव्हतं.

आत्यांना विचारलं, मोटेला आधी काय लावायचे? "काय न्हाय. कोरडं कातडं लागतं. मेनचट असंल तर रोगन बसतंय व्हय?" मी कालपर्यंत हे विचारलं नव्हतं.

दुपारी रॉकेलनं दार पुसलं. थोडं निघालं. बाकीचं रबिंगनं काढायला लागले. घाई झाली. दाराच्या मागच्या कडेचा कागद सुटला होता, ते बघितलं नाही. फडकं उचललं तेव्हा कडेला लाल रेघ. अस्तर. करंगळीच्या नखाएवढी जाड, चार बोटं लांब.

फडकं ठेवलं. हात धुतले. बराच वेळ गाडीत मागच्या सीटवर बसून राहिले. आत पेट्रोलचा आणि तंबाखूचा वास. बाहेर कुणी येत-जात होतं, मला दिसत होतं, त्यांना मी दिसत नसेन.

१४ मार्च, शनि.

इसाकभाईंना लाल रेघ दाखवली. न दाखवून चाललं नसतं. ते खाली बसले, चष्मा लावला, जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मग आपल्या शेडमधून काळं लॅकर आणि कबुतराचं पीस घेऊन आले. पिसाच्या टोकानं रेघ भरली. वाळली, पुन्हा भरली. पाच वेळा.

मी म्हटलं, गाडी रंगवायला आली असती तर काम तुम्हालाच मिळालं असतं.

"नको मला हे काम. डाव्या अंगाला वसंतनं त्या बाटलीतलं लावलं असलं ना, तर त्यावर रंग बसत नै. डोळे पडतात. हजार डोळे, असे गोल गोल. माझी इज्जत जाईल." मग चष्मा काढत, "लावलंय का त्यानं, ते बी म्हाईत नै. असं करून गेला बघा."

पीस माझ्याकडंच ठेवायला दिलं.

१७ मार्च, मंगळ.

नव्यानं सुरुवात. उजवी बाजू पूर्ण रबिंग, मग रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग एकदा स्वच्छ पाणी. सगळं मिळून दीड घागर लागली. आमच्या घरातली. आत्या म्हणाल्या, "म्या आज आंघूळ केली न्हाय तर कोन मरतंय." मला फार लाजल्यासारखं झालं, तरी पाणी नेलं.

रंगाला बोट लावून बघितलं. करकरतं. म्हणजे कोरडा.

१८ मार्च, बुध.

रोगण. पुढचं मडगार्ड आणि दोन्ही दारं. इतकं पातळ की लावलंय की नाही तेच कळू नये. मऊ लुगड्याचं फडकं, ते आधी रोगणात भिजवून पिळलेलं.

धुळीचा बंदोबस्त: शेडच्या तोंडाशी बांबू रोवून तीन लुगडी बांधली, वर आणि बाजूंना. ऊन येतं, भुसकट नाही. एसटीतल्या बाया वाकून बघतात. एकीनं ओरडून विचारलं, "लगीन कुणाचं ओ?" इसाकभाई म्हणाले, "गाडीचं!"

२० मार्च, शुक्र.

दुपारी बोट लावलं. चिकटत नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा चिकटलं नाही.

२१ मार्च, शनि.

पुढच्या मडगार्डाला आणि दारांना दुसरा हात. मागचं मडगार्ड आणि डिकीचा अर्धा भाग. बॉनेटचा उजवा अर्धा शेवटी ठेवलाय.

आत्या रोज येऊन बसतात. आज डाव्या बाजूला पहिल्यांदा गेल्या. आरशात बघावं तसं बघितलं, पदर सारखा केला. म्हणाल्या, "माजं तोंड इतकं सुकलंय व्हय?" मी म्हटलं, गोल पत्र्यात सगळ्यांचंच तसं दिसतं.

२४ मार्च, मंगळ.

बॉनेट. इथं अडचण आहे. ह्यांची बाजू मेण मारून पुरी झालेली. माझं रोगण त्यांच्या कडेवर गेलं की तिथं धरणार नाही, चिकट पट्टा राहील. त्यांच्या कडेचं मेण रॉकेलनं काढलं तर त्यांचा थर जाईल. रेघेला बरोबर भिडवायचं आणि थांबायचं, एवढंच हातात आहे. त्यांच्या बाजूला कागदाची पट्टी लावली. पट्टी लावताना दोनदा काढून पुन्हा लावली. श्वास रोखून हात फिरवला.

पट्टी काढल्यावर मधे केसाएवढी फट दिसते. दुरून दिसत नाही. मला दिसते.

२७ मार्च, शुक्र.

सगळं वाळलं. दुपारी चारपर्यंत मेण. लावायचं, पांढरं पडू द्यायचं, पुसायचं. पुसताना फडकं आपोआप घसरत पुढं जातं. हे आधी अनुभवलं नव्हतं. दोन वेळा उगीच त्याच जागेवर फिरवलं.

२८ मार्च, शनि.

लुगडी काढली. गाडी उन्हात आणली. आम्ही चौघं समोर उभे. बब्रुवान, इसाकभाई, आत्या, मी.

सावलीत दोन्ही बाजू एक. उन्हात, मला वाटतं, डावी थोडी निळसर काळी आणि उजवी थोडी उबदार काळी. कोळसा आणि काजळ असा फरक.

बब्रुवान: "काय फरक न्हाय. म्या छातीठोक सांगतो."

इसाकभाई मान तिरकी करून बघत राहिले. "आहे. पण तो रंगवाल्याला दिसणार. साहेब रंगवाला नै."

आत्या: "मला दोन्ही दिसत्यात चांगल्या."

मी विचार करत होते, फरक आहे म्हणजे ह्यांनी बाटलीतलं लावलं होतं. किंवा रोगणच, पण तार लांब आलेलं. किंवा दोन महिने बसून त्यांचं रोगण मुरलंय, माझं मुरायचंय, आणि वर्षानं दोन्ही एक होतील. तिन्ही शक्य आहेत. एक चमचा पाणी दोन्हीकडं टाकलं. दोन्हीकडं गोळी झाली. डावीकडची आधी पडली की उजवीकडची, ते बघायच्या आत बब्रुवानांनी फडक्यानं पुसलं. ओढलं नाही, उचललं.

२९ मार्च, रवि.

बब्रुवान गाडी घेऊन गेले. "साहेब उद्या पाडव्याला उन्हात बघतील, मंग सांगतो." शेड आतून फार मोठी दिसायला लागली. जमिनीवर चार चाकांच्या जागा स्वच्छ, बाकी धूळ.

३१ मार्च, मंगळ.

निरोप नाही.

२ एप्रिल, गुरु.

इसाकभाई कळंबला रंग आणायला गेले होते. बाजारात गाडी बघितली म्हणाले. मी विचारलं, कशी दिसते?

"काय सांगू भाभी. धूळ एवढी की काळी है का पांढरी तेच कळंना. आत साहेब बसलेले. काच खाली करून मला सलाम केला, गाडी गेली."

रंगाचं काही बोलले का?

"नै. पण यादी परत बी मागितली नै."

ती यादी अजून त्यांच्या खिशात आहे.

५ एप्रिल, रवि.

शेडवर गेले. कढई घासून आणली. आत्या विहारात वंदनेला गेल्यात. गावची जत्रा आठवड्यावर आली, रस्त्याला गर्दी वाढलीय. परवा एका जीपवाल्यानं थांबून विचारलं होतं, वसंतभाऊ कुठायत? मी सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मंग पॉलिश आता कोन मारतंय?" मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी येऊन बघा. येईल की नाही माहीत नाही. मी तरी काय म्हणून बोलावलं, तेही माहीत नाही.

संघाकडून अजून काही नाही.

उद्या शाळेची तपासणी. ओट्यावर बसून ब्लेडनं नखं कापली. आत काळं बसलंय ते काडीनं काढलं, सगळं निघालं नाही.